वॉर्डात सिगारेट सोडवताना: निकोटिनचा पॅच की गम?

दाखल झालेल्या रुग्णाची सिगारेट सोडवायची म्हटलं की पहिल्याच राउंडला प्रश्न येतो, पॅच (त्वचेला चिकटवायची, निकोटिन हळूहळू सोडणारी पट्टी) लावायचा की गम (चघळायचा, निकोटिन असलेला) द्यायचा? एकेकटे वापरले तर दोघांच्या यशात फारसा फरक दिसत नाही, त्यामुळे कागदावर हा सामना बरोबरीत सुटतो. वॉर्डात मात्र सुटत नाही. दोन्ही वापरून झाल्यावर मी एका बाजूला झुकलो आहे. तुमच्याकडचे रुग्ण वेगळे असतील, तर तुमचा कौलही वेगळा पडू शकतो.

आधी गमबद्दल, कारण त्याची बाजू खरोखर भक्कम आहे. तलफ काही औषधांच्या वेळा बघून येत नाही. जेवण झालं, भेटायला आलेली माणसं परतली, रात्री झोप लागेना, की ती उसळते. गम तेव्हा हाताशी असतो आणि काही मिनिटांत निकोटिन रक्तात पोचायला लागतं. पॅचला पुरेशी पातळी गाठायला काही तास जातात. रात्री दाखल होऊन बाहेर पडायचा जिना शोधत असलेल्या माणसाला नुसता पॅच लावून ‘सकाळपर्यंत बरं वाटेल’ सांगण्यात अर्थ नाही. शिवाय गममुळे तोंडाला काम मिळतं. ही गोष्ट आपल्याला क्षुल्लक वाटते, सोडणाऱ्याला वाटत नाही.

तरीही गमने मला दमवलं ते एकाच बाबतीत: तो चघळायचा कसा, हे शिकवण्यात. दिसतो च्युइंगमसारखा, म्हणून रुग्ण तो तसाच चघळतो. खरं तर तो सावकाश चावायचा, तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव ओसरली की पुन्हा थोडा चावायचा. असं साधारण अर्धा तास. निकोटिन शोषलं जातं ते तोंडाच्या अस्तरातून. भराभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं, पुढे यकृत त्यातलं बरंचसं निकामी करतं, आणि रुग्णाच्या वाट्याला उचक्या, जळजळ, मळमळ एवढंच उरतं. कॉफी किंवा फळांचा रस नुकताच घेतला असेल तर तोंडातल्या आम्लामुळे शोषण आणखी घटतं, म्हणून मध्ये 15 मिनिटं जाऊ द्यायची.

हे सगळं खाटेशेजारी उभं राहून समजावलं की रुग्ण मान डोलावतो. दुपारी ड्यूटी बदललेली असते, त्याला उचक्या लागलेल्या असतात आणि पाकीट लॉकरमध्ये गेलेलं असतं. ‘डॉक्टर, मला नाही सोसत हे.’ एवढ्यावर भागलं असतं तर मी कुरकुरलो नसतो. पण त्याच्या लेखी ‘औषध घेऊन पाहिलं, उपयोग झाला नाही’ असा निकाल लागलेला असतो आणि पुढे दुसरं काही सुचवलं तरी तो हसून टाळतो. ताप, वेदना, सलाइन यांत अडकलेल्या माणसाकडून चघळण्याचं तंत्र घोटून घेणं मला बरं वाटेनासं झालं. त्यात कोणी शस्त्रक्रियेसाठी उपाशी, कोणाला ऑक्सिजनचा मास्क, कोणाची कवळी गमला चिकटते.

पॅचला रुग्णाकडून काहीच नको असतं. तो औषधांच्या चार्टवर येतो, सकाळच्या औषधांबरोबर सिस्टर नवा लावतात, जुना काढतात. दिवसाला 10 पेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्याला सहसा 21 मिलिग्रॅमचा. निकोटिन तुटल्याचा त्रास काही तासांत सुरू होतो आणि पहिल्या 2-3 दिवसांत सर्वांत जास्त असतो, म्हणजे नेमका माणूस खाटेवर असतो तेव्हा. त्या काळातली चिडचिड आपण अनेकदा स्वभावावर ढकलतो. पॅच लावलेले रुग्ण माझ्या पाहण्यात तरी राउंडला जास्त नीट बोलतात. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे नाही.

पॅचच्या कटकटी आहेतच. त्वचेला खाज येते, म्हणून रोज जागा बदलायची. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढायचा, मग सकाळची तलफ जोरात येते. काही पॅचच्या पाठीला धातूचा थर असतो. एमआरआयच्या आधी तो काढला नाही तर त्वचा भाजू शकते, आणि हे कोणाच्या तरी लक्षात राहावं लागतं. अवचित उठणाऱ्या तलफेपुढे पॅच एकटा कमीच पडतो.

खरं तर पॅच आणि गम एकत्र दिले तर एकट्यापेक्षा यश जास्त मिळतं, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे माझा प्रश्न सुरुवात कशाने करायची, एवढाच. मी पॅचने करतो. माणूस उठून बसायला, खायला लागला की गम हातात देतो. तेव्हा तो शिकतोही. सिगारेट सोडवण्याची गोळी, व्हरेनिक्लिन, उत्तम औषध आहे, पण त्याची मात्रा आठवडाभरात चढवायची असते आणि पहिल्या रात्रीची तलफ तेवढी थांबत नाही.

काहीही निवडा, दोन गोष्टी सारख्याच. थिओफिलिन (दम्याचं औषध) किंवा क्लोझापिन (स्किझोफ्रेनियाचं औषध) चालू असेल तर मात्रा पुन्हा पाहा: ही औषधं यकृतात लवकर संपतात ती धुरामुळे, निकोटिनमुळे नव्हे, त्यामुळे सिगारेट थांबली की पॅच असो वा गम, रक्तातली पातळी चढते. आणि डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या आठवड्यांचा साठा व फोनची तारीख लिहा. रुग्णालयात सुरू केलेल्या मदतीचा फायदा टिकलेला दिसतो तो घरी गेल्यावर किमान महिनाभर पाठपुरावा झाला तरच.

चिकटपट्टीनेच ज्याची त्वचा लाल होते, किंवा जो दिवसाला दोन-चारच ओढतो आणि त्याही ठरावीक वेळी, त्याला मीसुद्धा आधी गमच देतो. फक्त पहिला गम माझ्यासमोर चघळायला लावतो.