ज्युदो की आयकिडो?

दोन्हींचं मूळ जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेत, आणि दोन्हीकडे हाणामारीपेक्षा माणूस घडवण्याच्या गोष्टी जास्त. त्यामुळे वर्गाची फी भरण्याआधी गोंधळ होणं साहजिक आहे. मी दोन्हीकडे मॅटवर आपटलोय. आता ज्युदोच करतो, तेव्हा माझं माप थोडं झुकलेलं आहे हे धरून वाचा.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो पेशाने शिक्षक. १८८२ साली टोकियोतल्या एइशोजी मंदिरात, जेमतेम बारा चटयांच्या जागेत, त्यांनी कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली. जुजुत्सूतले जिवावर बेतणारे डाव त्यांनी ठरावीक क्रमाच्या सरावापुरते ठेवले. उरलेले पूर्ण जोर लावून करता यावेत म्हणून. शक्तीचा नेमका वापर आणि स्वतःबरोबर समोरच्याचंही भलं, ही त्यांची दोन सूत्रं.

आयकिडोचे जनक मोरिहेई उएशिबांचा पिंड वेगळा. होक्काइदोत ते ताकेदा सोकाकूंकडे दाइतो-र्यू ही जुजुत्सूची शाखा शिकले, पुढे ओमोतो पंथाच्या देगुची ओनिसाबुरोंच्या प्रभावाखाली आले आणि त्यांच्या विद्येला साधनेचं रूप आलं. स्पर्धा त्यांना मान्यच नव्हती. जिंकायचं ते स्वतःला. वाचायला मला आजही उएशिबाच जास्त भावतात. खुद्द कानोंनीही १९३० साली त्यांचं काम पाहून वाखाणलं आणि आपले शिष्य त्यांच्याकडे धाडले.

माझं घोडं अडलं ते उकेपाशी, म्हणजे डाव अंगावर घेणाऱ्या जोडीदारापाशी. कोतेगाएशी या मनगट मुरडायच्या डावात मी मनगट पुरतं वळवायच्या आतच तो हवेत! मॅटवर हात फाडकन वाजायचा, सगळे खूश. एकदा त्याला म्हटलं, "जरा घट्ट धर की." त्याने धरलं आणि मला मनगट तसूभरही हलवता येईना. सरांनी दटावलं ते त्यालाच, प्रवाह मोडू नकोस म्हणून. सांध्यांच्या डावात वेळीच पडणं त्याच्याच मनगटाच्या भल्याचं असतं, मान्य. सगळे वर्ग असे नसतीलही. पण माझा डाव खरंच लागतो का, हे मला कळेचना.

ज्युदोच्या रांदोरीत, म्हणजे मोकळ्या झुंजीच्या सरावात, समोरचा कॉलर धरून उभा असतो आणि पडायची त्याची अजिबात तयारी नसते. तो अडून बसतो म्हणूनच माझं पाऊल कुठे चुकतं ते मला समजतं. समोरच्याचं भलं म्हणजे काय, हे मला तरी तिथेच पटलं.

ज्युदोचा जाचही आहे. १९६४ला ऑलिम्पिकमध्ये गेल्यापासून पदकांकडे ओढा वाढला. पट काढत वाढलेल्या कुस्तीगिराला तर २०१० नंतरचे, पाय धरायला मनाई करणारे स्पर्धेचे नियम हात बांधल्यासारखे वाटतील. गुडघे कुरकुरत असतील किंवा पन्नाशी ओलांडून सुरुवात करणार असाल, तर आयकिडोचा विचार जरूर करा. जमल्यास केंजी तोमिकींच्या शाखेचा वर्ग शोधा. ते कानो आणि उएशिबा दोघांचेही शिष्य. त्यांनी आयकिडोत रांदोरी आणली.