४ टीबी म्हणून घेतला, आत निघालं ६४ जीबीचं कार्ड

आधी आकडे सांगते, म्हणजे "नक्की किती गेले?" असं कोणी विचारायला नको. पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फोटो-फाइली साठवायचा खिशात मावणारा ड्राइव्ह, २,८९९ रुपये. घरपोच आणून द्यायचे ७९. डेटा परत मिळतो का हे नुसतं बघायचे दुकानदाराने घेतले ७५०. एकूण ३,७२८ रुपये. आणि त्यावर उतरवलेल्या २१,६४० फोटोंपैकी तिथून आज उघडतात २,११२. पैशांचं दुःख ओसरेल, पण फोटोंचं माझी नणंद ओसरू देणार नाही. त्यातले निम्मे तिचे होते.

खोट्या क्षमतेच्या पेनड्राइव्हचे किस्से तुम्ही ऐकले असतील, मीही ऐकले होते. १६ टीबी ९९९ रुपयांत वगैरे. ती जाहिरात बघून मीच हसले होते. पण माझ्या एसएसडीची किंमत तशी नव्हती. "मर्यादित सवलत", धातूची चकचकीत डबी, चार हजारांवर अभिप्राय, साडेचार तारे. खरा ४ टीबीचा एसएसडी याच्या पाचपटीहून महाग असतो हे मला आता तोंडपाठ आहे. तेव्हा वाटलं, मोठ्या कंपन्या नावाचे पैसे घेतात, हे बिननावाचे लोक घेत नसतील. डबीवर कंपनीचं नाव नाही, अनुक्रमांक नाही, हमीपत्र नाही. हेही दिसलं होतं, पण हल्ली निम्म्या वस्तूंवर कुठे असतं?

घरातले सगळे जुने फोटो एका जागी आणायचे होते. माझी कार्डं, नवऱ्याची जुनी हार्डडिस्क, नणंदेने "वहिनी, तुम्हाला त्यातलं कळतं, तुमच्याकडेच ठेवा" म्हणून विश्वासाने दिलेली कार्डांची डबी. सगळं मिळून ६१७ जीबी.

आता तो क्षण, जो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. एसएसडी लॅपटॉपला लावला आणि खिडकीत आकडा आला: ४.०० टीबी. मला आनंद झाला! वाटलं, बघा, पुरेपूर माप दिलंय. खरं तर ४ टीबीचा अस्सल ड्राइव्ह विंडोजमध्ये कधीच ४.०० दाखवत नाही. ३.६३ दाखवतो. कंपनी एक टीबी म्हणजे हजार जीबी धरते, विंडोज १०२४च्या हिशोबाने मोजतं, त्यामुळे जागा कमी दिसते. हा हिशोब मला येतो. अहो, "माझ्या १२८च्या कार्डात ११९च का दिसतात?" असं विचारणाऱ्या दहाजणांना मीच तो समजावून सांगितलाय. कमी दिसलं की आपण सगळे भांडतो. पूर्ण दिसलं तर कोण भांडायला जातं? चोराने नेमकं तेच हेरलेलं.

दुसरी खूण वेगाची. डबीवर यूएसबी ३.२ लिहिलेलं, आणि कॉपी चाललेली सेकंदाला वीस-बावीस एमबीने. मी केबलला दोष दिला, केबल बदलली, पोर्ट बदललं. खरा एसएसडी निळ्या (यूएसबी ३च्या) पोर्टवर सेकंदाला काही शे एमबी सहज जातो. वीसवर रांगत असेल तर तो एसएसडी नाही. तिथेच थांबा, पुढे कॉपी करू नका.

कॉपी झाल्यावर मी तपासलं नाही असंही नाही. शेवटच्या फोल्डरमधले चार-पाच फोटो उघडले, उघडले छान. ते लॅपटॉपच्या मेमरीतून उघडत होते, हे मला कोणी सांगायचं? लहान चित्रंही सगळी दिसत होती, तीही लॅपटॉपने स्वतःकडे साठवलेली. म्हणून सांगते: कॉपी झाली की ड्राइव्ह काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, तिथे उघडा, आणि मधले फोटो उघडा. सुरुवातीचे तर खोट्या ड्राइव्हवरही बहुधा उघडतातच. मग मी कार्डं फॉरमॅट करून कॅमेऱ्यात परत घातली. कार्ड रिकामं करायलाच तर फोटो उतरवतो ना आपण?

पुढे सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी जुने फोटो निवडायला बसले. पहिली काही फोल्डरं ठीक, नंतर अर्धा फोटो आणि अर्धी राखाडी पट्टी, नंतर "ही फाइल उघडता येत नाही". नावं जागेवर, तारखा जागेवर, फाइलचा आकारही जागेवर. आत काही नाही.

दुकानदाराने डबी उघडली. आत एक कार्डरीडर, त्यात ६४ जीबीचं मायक्रोएसडी, वर गोंदाचा गोळा. वजन यावं म्हणून लोखंडाची पट्टी. चिपमधल्या प्रोग्रामला खोटं बोलायला शिकवलेलं: विचारलं की ४ टीबी सांगायचं, जागा संपली की पुढचं सगळं "लिहिलं" म्हणायचं आणि फेकून द्यायचं. काही चिपा फेकत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून लिहितात, मग तुमचे जुने फोटो नव्यांखाली मरतात. दुकानदार म्हणाला, "ताई, पुसलेलं परत आणता येतं. हे लिहिलंच गेलं नाही, आणू कुठून?" ७५० रुपये मात्र त्याने घेतले.

ज्या दोन कार्डांवर मी फॉरमॅटनंतर फारसं काही काढलं नव्हतं, त्यातून फोटोरेक नावाच्या फुकटच्या प्रोग्रामने थोडे फोटो दिले. ते २,११२च्या वेगळे, पण नावं गेली. कार्डावरचे फोटो गेले असं कळलं की त्याच क्षणी कार्ड कॅमेऱ्यातून काढा, एकही नवा फोटो काढू नका. फॉरमॅटने बहुतेक वेळा यादीच पुसली जाते, माल तिथेच असतो, पण नवा फोटो त्याच्यावर बसतो. आणि परत मिळवलेले फोटो त्याच कार्डावर साठवू नका, एवढं तरी ऐका.

आता तक्रारीची वरात. ज्या संकेतस्थळावरून घेतला तिथल्या माणसाने आधी "तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो" म्हटलं, मग परतीची मुदत सात दिवसांची होती आणि ती संपली, असं सांगितलं. सात दिवसांत ४ टीबी भरतो कोण? सगळी लबाडी त्या सात दिवसांवरच उभी आहे. ते साडेचार तारेही तसेच: "वेळेत मिळाला, पॅकिंग छान." पार्सल फोडून तासाभरात लिहिलेले. भरून बघितलेल्या माणसाचे अभिप्राय एका ताऱ्याचे असतात, ते आधी वाचा. मग संकेतस्थळाच्या त्याच माणसाने पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. व्हिडिओत काय दिसणार होतं, बंद डबी? २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तड लावायची असते. पोच आली, यंत्राने पाठवलेली. विक्रेत्याचा पत्ता देणंही बंधनकारक आहे. दिला. तिथे पाठवलेलं पत्र "असा इसम राहत नाही" म्हणून परत आलं.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीने झाला.

पोलिसांकडे गेले. साहेबांनी विचारलं, "मॅडम, वस्तू मिळाली ना?" मिळाली. "मग फसवणूक कुठे झाली?" मी डबी दाखवली. त्यांनी ती त्यांच्या कॉम्प्युटरला लावली आणि पडदा माझ्याकडे वळवला. ४.०० टीबी! "दाखवतंय की बरोबर." मी कंट्रोलर, चिप, खोटी क्षमता समजावत राहिले, ते चहा पीत राहिले. शेवटी अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला, आणि "रक्कम लहान आहे, ग्राहक मंचाकडे जा" म्हणाले. २१,६४० फोटोंची रक्कम लावून दाखवा म्हणावं! ग्राहक हेल्पलाइनने तक्रार कंपनीकडे पाठवली, कंपनीने "मुदत संपली" हेच पुन्हा लिहिलं, आणि तक्रारीपुढे शेरा पडला: निकाली. कोणाच्या बाजूने निकाली, ते विचारायला जागा नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तुम्ही हे करा. नवं कार्ड, ड्राइव्ह, काहीही आणलं की मुदतीच्या आत तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतात. मोठ्या ड्राइव्हला दिवस-दीड दिवस लागतो, लागू दे. घाई असेल तर व्हॅलिड्राइव्ह काही मिनिटांत जागोजागी चाचपतं. एसडीएक्ससी (एसडी कार्डाचा एक प्रकार, कार्डावर 'एक्ससी'ची खूण असते) लिहिलेल्या कार्डाची कमाल मर्यादा २ टीबी, त्यामुळे एक्ससीच्या खुणेखाली ४ टीबी छापलेलं असेल तर ते कार्ड वाचूनच खोटं ठरतं. कार्डावरचं व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लेखन. तेवढं मिळत नसेल तर कार्ड परत करा.

फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. हा नियम मलाही माहीत होता, आणि तो एसएसडी मी दुसरी प्रत करायलाच आणला होता. दुसरी प्रत तपासल्याशिवाय पहिली पुसायची नाही, हे त्या नियमात कोणी लिहीत नाही. फोन आणि क्लाउड जुळवून ठेवलंय म्हणजे प्रत आहे असंही समजू नका, फोनवरून पुसलं की तिथूनही जातं. नणंदेकडे आता उरलेत व्हॉट्सॲपवर पाठवलेले, दाबून बारीक झालेले फोटो. कोणाला पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जाते.

ग्राहक आयोगात, म्हणजे साहेब म्हणाले त्या ग्राहक मंचात, तक्रार टाकली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत दाखल करावी लागते, तेव्हा बिलं, स्क्रीनवरची छायाचित्रं आणि ती डबी जपून ठेवा, रागाने फेकू नका. मी फेकणार होते, नवऱ्याने काढून घेतली. तारीख मिळाली की जाईन. दरम्यान तोच एसएसडी त्याच संकेतस्थळावर पुन्हा विकायला लागलाय, डबी काळ्याऐवजी निळी, विक्रेत्याचं नाव वेगळं, किंमत २,६९९.