आठ गुणिले बत्तीस: निवृत्तीनंतरची दुर्बीण, अडीच वर्षं वापरून

एकतीस वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम केलं. डोळा आणि कागद यांच्यात दीड वीत अंतर, आणि दिवसभर तेवढंच. सुटलेला अनुस्वार, दोनदा पडलेली ओळ, ऱ्हस्वाचा दीर्घ. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात लक्षात आलं, की खिडकीबाहेर पाहताना माझी नजर कुठे ठरतच नाही. लांबचं बघायची सवय मोडली होती. म्हणून दुर्बीण घ्यायची ठरवली. आता अडीच वर्षं ती जवळजवळ रोज हातात असते, तेव्हा खोक्यावर छापलेलं परत सांगत नाही. साठीच्या पुढच्या हातांना आणि डोळ्यांना ती कशी वागवते, ते सांगते.

माझी पहिली दुर्बीण चुकली. मी १०×५० घेतली होती, आकडे मोठे म्हणून. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसणार, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. घरच्या काट्यावर तिचं वजन भरलं ९४० ग्रॅम. माझ्या मानेच्या मणक्यांची झीज आहे. पंधरा मिनिटांत खांदा भरून यायचा. त्याहून मोठी अडचण थरथरीची. पक्षी दहापट होतो तेव्हा हाताचं हलणंही दहापट होतं. शिवाय शक्ती जितकी जास्त, तितका दिसणारा पट्टा अरुंद. फांदीवरचा पक्षी दुर्बिणीत सापडेपर्यंत तो दुसऱ्या झाडावर गेलेला असायचा.

त्याच दिवसांत मी एका पक्षीनिरीक्षण गटाबरोबर जाऊ लागले होते. माणसं मनापासून शिकवणारी होती. पण तीन तास चालायचं, कोणीतरी नाव पुकारलं की सगळ्यांनी तिकडे वळायचं, वहीत नाव लिहायचं आणि पुढे सरकायचं. चार महिन्यांत माझ्या वहीत त्रेसष्ट नावं झाली. त्यातल्या निम्म्यांची मी फक्त हललेली फांदी पाहिली होती. न वाचलेल्या मजकुराखाली सही करावी तसं ते वाटायचं, आणि तशी सही मी नोकरीत कधी केली नव्हती. एका रविवारी गेले नाही. पुढच्याही नाही. मोठी दुर्बीण भाच्याला दिली.

दुसरी घेतली ती ८×३२. वजन ५१० ग्रॅम. हजार मीटरवर साधारण १३५ मीटर रुंदीचं दृश्य एका वेळी दिसतं, त्यामुळे पक्षी शोधायला धावपळ होत नाही. सर्वांत जवळचा फोकस दोन मीटरवर, म्हणजे समोरच्या कुंडीवरचं फुलपाखरूही बघता येतं. आत नायट्रोजन भरलेला आहे, त्यामुळे भिंगांच्या आतल्या बाजूला बाष्प धरत नाही.

आता एक हिशेब सांगते, जो मला आधी कळला असता तर पहिली खरेदी झाली नसती. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ३२ भागिले ८, उत्तर ४. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे रोखली की डोळा लावायच्या काचेत एक उजळ गोल ठिपका दिसतो. तो एवढ्या मिलिमीटरचा असतो. आपल्या बाहुलीत शिरतो तो एवढाच उजेड. तरुणपणी अंधारात बाहुली सातेक मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीनंतर बहुतेकांची पाचच्या आसपास, पुष्कळांची त्याहूनही कमी. म्हणजे ७×५० ची दुर्बीण, जिचा ठिपका सात मिलिमीटरचा, तिचा बराचसा उजेड आपल्या डोळ्याबाहेर सांडतो आणि वजन मात्र पूर्ण उचलावं लागतं. भर दिवसा तर बाहुली दोन-तीन मिलिमीटरच असते, तिथे चार भरपूर झाले. दिवेलागणीला मात्र माझी दुर्बीण कमी पडते, हे प्रामाणिकपणे नोंदवते. शेवटची दहा-पंधरा मिनिटं ४२ मिलिमीटरवाल्यांची. ज्यांची मान शाबूत आहे आणि ज्यांना संध्याकाळी बघायला आवडतं, त्यांनी ८×४२ घ्यावी.

चष्मा असणाऱ्यांनी आणखी एक माप विचारावं: मागच्या काचेपासून डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण वर्तुळ दिसतं? पंधरा-सोळा मिलिमीटरच्या खाली असेल तर चष्म्यातून कडा कापल्या जातात. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढूनही चालतं, फोकस तो भरून काढतो. तिरका नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवावाच लागतो. माझा तिरका आहे. डोळ्याजवळचे रबरी कप पूर्ण आत फिरवून मी चष्म्यासकट बघते आणि वर्तुळाची कड किंचित कापली जाते. ते मी स्वीकारलं आहे.

तक्रार सांगायची तर डायॉप्टरची. दोन्ही डोळ्यांचा नंबर क्वचितच सारखा असतो, म्हणून उजव्या काचेपाशी एक वेगळं कडं असतं. आधी उजवं भिंग झाकून, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं. मग डावं झाकून, चाकाला हात न लावता, तीच वस्तू त्या कड्याने उजव्या डोळ्याला स्पष्ट करायची. एकदा लावलं की झालं, असं पत्रकात लिहिलं होतं. माझ्या दुर्बिणीचं कडं सैल आहे, कुलूप नाही. पिशवीत घासून ते आपोआप फिरायचं. सुरुवातीचे तीन महिने माझं कपाळ ठणकायचं आणि मला वाटायचं, वयच आहे, डोळे थकले. डोळे बिचारे ठीक होते. दोन्ही डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळत होती. शेवटी कडं नीट लावून त्यावर आणि शेजारच्या नळीवर नेलपॉलिशचा एकेक लाल ठिपका दिला. आता दुर्बीण डोळ्याला लावण्याआधी अंगठ्याने दोन ठिपके जुळवते. ठणका गेला. कोणतीही दुर्बीण घ्या, हे कडं घट्ट आहे का ते पहिल्यांदा फिरवून बघा.

हिच्यामुळे मी काय पाहिलं, तेही सांगायला हवं, नाहीतर एवढं लिहिण्यात अर्थ नाही. खिडकीपासून सहा-सात मीटरवर एक रुंद पानांचं झुडूप आहे. तिथे शिंप्याच्या जोडीने घरटं केलं. शिंपी पक्षी पान शिवतो हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. मी ते होताना पाहिलं. मादीने चोचीने पानाच्या कडेला बारीक छिद्र पाडलं, कोळ्याच्या जाळ्याचा धागा त्यातून ओढला आणि बाहेरच्या बाजूला तो पिंजून त्याचा बोंडासारखा फुगीर गोळा केला, म्हणजे धागा परत निसटत नाही. गाठ नसते, तो फुगवटाच गाठीचं काम करतो. एका टाक्याला तिने तीन खेपा केल्या. मी रोज सकाळी वीस मिनिटं बसायचे, कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवून. आठपट पुरे होतं. दहापटीत तो टाका हलला असता. पुढे साधारण बारा दिवस अंडी उबवणं आणि मग दोघांची अळ्या आणायची लगबग. त्या पाच आठवड्यांत माझ्या वहीत एकच नाव आहे. पानं मात्र सव्वीस भरली.

रात्रीही ही उपयोगी पडते. १६१० साली गॅलिलिओने गुरूचे जे चार चंद्र पाहिले, ते आठपटीत बारीक ठिपक्यांसारखे दिसतात, फक्त कोपरांना किंवा दुर्बिणीला पक्का आधार हवा. कृत्तिकांचा झुमका तर हिच्यासाठीच बनवल्यासारखा. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नका, क्षणभरात डोळा जातो.

किरकोळ गोष्टी: सोबतचा पट्टा मानेला काचतो, मी दोन्ही खांद्यांवरून जाणारा घातला. झाकणं ढिली आहेत. काच पुसताना आधी धूळ फुंकणीने उडवावी, मगच मऊ कापड. पदराने पुसली तर धुळीचे ओरखडे कायमचे. पावसाळी हवेत भिंगावर बुरशी धरते, म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवते.

मागच्या महिन्यात अक्का राहायला आली. ती चौऱ्याहत्तरची, आणि तिचा उजवा हात थोडा कापतो. "मला कशाला गं ते, सगळं हलेल," म्हणाली. तिला हाताच्या खुर्चीत बसवलं, दोन्ही कोपर टेकवले, पाठीमागे उशी दिली. कडं तिच्या डोळ्यांना लावून दिलं. पहिल्या दिवशी तिला फक्त पानं दिसली. दुसऱ्या दिवशी पानांत काहीतरी हललं. तिसऱ्या दिवशी ती मला हाक न मारताच बसली, आणि मी चहा घेऊन गेले तर तिने मान न वळवता हातानेच थांब म्हणून खूण केली. तिच्यासारख्या हाताला खरं तर सहा-सात पटीची हलकी दुर्बीण बरी, ती आता आम्ही बघतो आहोत. तोवर माझ्या दुर्बिणीच्या कड्यावर दोन ठिपके आहेत, माझा लाल आणि अक्काचा निळा.