स्किनवाल्या क्रॉस-कंट्री स्की: वॅक्सची कटकट नको असेल तर घ्याच, पण स्वतःचं वजन खरं सांगून घ्या

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लिफ्टने डोंगरावर जाऊन सुसाट खाली यायच्या स्कीचा नाहीये. क्रॉस-कंट्रीच्या स्की वेगळ्या, अरुंद आणि हलक्या, बूट फक्त पुढे चवड्यापाशी अडकतो आणि टाच मोकळी राहते, त्यामुळे सपाटीवरून, जंगलातून, चढ-उतारावरून आपल्या पायांच्या जोरावर जायचं. लिफ्टचं तिकीट नाही आणि तासभर रांगेत कुडकुडणं पण नाही. थंडीचं म्हणाल तर थोड्याच वेळात जॅकेटची चेन खाली येते, घरातून निघताना जरा गारठल्यासारखं वाटलं म्हणजे कपडे बरोबर घातलेत असं समजायचं. फक्त कॉटन नको, घामाने भिजलं की वाळत नाही आणि मग थांबलात की हुडहुडी.

तर या स्कीची मूळ गोची अशी की ती पुढे घसरली पाहिजे पण मागे घसरता कामा नये, नाहीतर चढ कसा चढणार. यावर तीन उपाय आहेत. एक म्हणजे ग्रिप वॅक्स, म्हणजे पायाखालच्या भागाला पकडीसाठी लावायचं मेण. माझा नवरा त्यातला, त्याच्याकडे रंगीबेरंगी डब्या आहेत, स्विक्स कंपनीचा ब्लू एक्स्ट्रा साधारण उणे १ ते उणे ७ अंशांसाठी, त्याहून थंड असेल तर दुसरा, शून्याच्या आसपास असेल तर आणखी तिसरा, आणि जुना बर्फ वितळून परत गोठला असेल तर क्लिस्टर नावाचं एक चिकट प्रकरण जे स्कीपेक्षा हाताला, दाराच्या कडीला आणि गाडीच्या सीटलाच जास्त लागतं. तो आनंदाने करतो हे सगळं, बरोबर लागला तर वॅक्ससारखी मजा कशातच नाही हेही खरं, पण मला कामावरून आल्यावर उजेड संपायच्या आत बाहेर पडायचं असतं, थर्मामीटर बघत बसायचं नसतं. दुसरा उपाय फिश-स्केल, म्हणजे तळाला खवल्यांची नक्षी कोरलेली असते. काही लावावं लागत नाही, मेंटेनन्स शून्य, पण घसरताना झर्रर्र आवाज येत राहतो आणि कडक ट्रॅकवर पकड कमी पडते.

तिसरा म्हणजे स्किन. पायाखालच्या भागात मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची, अरुंद पट्टी बसवलेली असते. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर कसा गुळगुळीत जातो आणि उलटा फिरवला तर केस उभे राहतात, अगदी तसंच, पुढे जाताना केस झोपतात आणि पाय मागे रेटला की बर्फात रुततात. फिशरच्या ट्विन स्किनमध्ये शेजारी शेजारी दोन बारीक पट्ट्या असतात, अॅटॉमिकच्या स्किनटेकमध्ये पट्टी मॅग्नेटने बसते म्हणून बदलता येते, बाकी कंपन्यांचे पण असेच प्रकार आहेत. काही पट्ट्यांत नायलॉन मिसळलेलं असतं, ती जास्त टिकते पण घसरायला शुद्ध मोहेर चांगलं. माझ्या स्की कुठल्या ते मुद्दाम लिहीत नाही, कारण खरा फरक ब्रँडने पडत नाही, वजनाने पडतो.

हे नीट वाचा कारण दुकानात पण सगळे नीट सांगत नाहीत. क्लासिक स्की, म्हणजे ट्रॅकमधून पाय सरळ पुढे-मागे करत जायची, सपाट नसते, मधे कमानीसारखी वर उचललेली असते. दोन्ही पायांवर सारखा भार असताना ती पट्टी बर्फाला जेमतेम टेकायला हवी आणि एका पायावर पूर्ण भार टाकून किक मारली, म्हणजे पाय मागे रेटला, की घट्ट दाबली जायला हवी. स्की तुमच्या वजनाला फार कडक असेल तर पट्टी दाबलीच जात नाही आणि प्रत्येक चढावर पाय मागे सटकतो, फार मऊ असेल तर पट्टी कायम घासत राहते आणि उतारावर पण ढकलत जावं लागतं. पुष्कळ दुकानांत नुसती उंची विचारतात, उंची अधिक २० सेंटीमीटर वगैरे हिशेब करतात आणि जोडी हातात देतात. तसं करू देऊ नका. वजन सांगा, खरं सांगा, लाजू नका, आणि पाठीवर सॅक घेऊन जाणार असाल तर तेही सांगा. चांगल्या दुकानात स्कीवर उभं करून पायाखाली कागद सरकवून बघतात किंवा दाब मोजायचं मशीन असतं.

आता बर्फावर कशा चालतात. उणे ३ ते उणे १० आणि मशीनने नीट कापलेला ट्रॅक, म्हणजे स्कीसाठी दोन समांतर खाचा, असेल तर स्वर्ग. चढावर पकड भरवशाची, पहिल्यांदा येणाऱ्याला पण अर्ध्या तासात लय सापडते. आदल्या रात्री गोठून कडक झालेल्या ट्रॅकवर पण या चालतात, वॅक्सवाले तिथे क्लिस्टर शोधत असतात. ग्लाइड, म्हणजे पुढे घसरणं, मात्र चांगल्या वॅक्सच्या स्कीपेक्षा जराशी कमीच, केस झाले तरी घासणारच. आणि फार थंडीत, उणे १५ च्या खाली, बर्फाचे कण इतके टोकदार आणि कोरडे असतात की कुठलीच स्की धड घसरत नाही, त्याचा दोष स्किनला देऊ नका. रेसमध्ये हौस म्हणून उतरायचं असेल तरी स्किन चालते. वासालोपेट या स्वीडनमधल्या ९० किलोमीटरच्या रेसमध्ये पहिल्या फळीतले लोक डबल पोलिंग करतात, म्हणजे दोन्ही पोल (हातातल्या काठ्या) एकदम रेटून नुसत्या हातांच्या जोरावर जातात, ग्रिपसाठी काहीच लावत नाहीत, पण ते खांदे आपले नाहीत.

खरा त्रास शून्याच्या आसपास, ताजा ओला बर्फ पडत असताना. केसांत पाणी शिरतं, सावलीत गेलं की गोठतं आणि पायाखाली बर्फाचा गोळा धरतो. मग चालणं म्हणजे उंच टाचांची चप्पल. यावर स्किनचं स्प्रे मिळतं, ते निघायच्या आधी मारून वाळू द्यायचं, बऱ्यापैकी फरक पडतो, आणि मधे थांबून गप्पा मारत उभं राहायचं नाही, स्की हलती ठेवायची. स्प्रे घेताना फ्लोरिन नसलेलं बघून घ्या, एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने) २०२३-२४ च्या सीझनपासून स्पर्धांत फ्लोरिनवाल्या वॅक्सवर बंदी घातली आहे आणि घरी नाकातोंडात घ्यायला तर ते मुळीच चांगलं नाही.

निगा फार नाही. घरी आलं की पट्टी पुसायची, हीटरवर न ठेवता खोलीतच वाळवायची. पुढच्या आणि मागच्या टोकांना ग्लाइड वॅक्स, म्हणजे घसरण्यासाठीचं वॅक्स, लावायचं, पण पट्टीवर वॅक्स सांडू द्यायचं नाही आणि वॅक्स वितळवायची इस्त्री तर पट्टीपासून लांबच ठेवायची, गोंद सुटतो. मार्चमधे ट्रॅकवर झाडांचा चीक आणि कचरा पडतो तो केसांत अडकतो, त्यासाठी क्लीनर मिळतो, पुसताना पुढून मागेच पुसा.

उताराबद्दल विचारतात सगळे. हो, भीती वाटते. कडा धारदार नाहीत, टाच मोकळी, आणि ट्रॅकमधे असलात की ब्रेक लावायला जागा नाही. एक पाय ट्रॅकबाहेर काढून तिरका दाबायला आधी छोट्या उतारावर शिका, स्नोप्लाऊ, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग कमी करणं, शिका, आणि फारच वाटलं तर स्की काढून कडेकडेने चालत खाली या, कोणी हसत नाही.

पाच पैकी साडेचार देईन. अर्धा ओल्या बर्फासाठी कापला. आठवड्याला एखाद-दोनदा जाणाऱ्यांनी, बर्फाच्या देशात मोठेपणी आलेल्यांनी आणि मुलांना आवरून वरून स्वतःची पण तयारी करायची असलेल्यांनी डोळे झाकून घ्याव्यात. वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच जाणार असाल तर भाड्याने घ्या. सेकंडहँड बघत असाल तर बूट आणि बाइंडिंगची (बूट स्कीला अडकवायच्या पकडीची) जोडी आधी तपासा, याच्या एनएनएन आणि एसएनएस अशा वेगवेगळ्या पद्धती आहेत, एनएनएनच्या बुटाच्या तळाला दोन खाचा असतात, जुन्या एसएनएसला एकच, ते एकमेकांत बसत नाहीत. सॅलोमनचं प्रोलिंक बाइंडिंग एनएनएनच्या बुटांना चालतं. पोल तुमच्या उंचीच्या साधारण ८३ ते ८५ टक्के. त्याहून लांब दिले तर ते स्केटिंग स्टाइलचे, म्हणजे स्केटसारखं पाय तिरके रेटत जाण्यासाठीचे असणार, परत करा.