शहराचा कार्यक्रम: सामुदायिक रेडिओ की पॉडकास्ट?

पुण्यावर, इथल्या पुस्तकांवर आणि माणसांवर कार्यक्रम करायचा असेल, तर आज दोन वाटा आहेत. पुणे विद्यापीठाच्या १०७.४ एफएमवरच्या 'विद्यावाणी'सारखं, एखाद्या संस्थेनं आसपासच्या लोकांसाठी चालवलेलं सामुदायिक रेडिओ केंद्र, किंवा स्वतःचं पॉडकास्ट.

पॉडकास्टला परवाना लागत नाही. तासभर बोला, वाटेल तेव्हा टाका. नाशिकचा किंवा न्यू जर्सीचा मराठी माणूसही ऐकेल. भाग कायम राहतो, ही फार मोठी सोय.

सामुदायिक रेडिओवर बंधनं पुष्कळ. ट्रान्समीटर साधारण १०० वॉटचा, त्यामुळे आवाज शहराच्या आसपासच फिरतो. बातम्या द्यायच्या तर आकाशवाणीच्याच. पण किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार व्हावेत असा नियम आहे, आणि मला तोच या रेडिओचा जीव वाटतो. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी कापतानाचा 'कच्च' आवाज, मागे रिक्षाचा हॉर्न, आणि 'अहो काका, नववीचं गणित आहे का?' हा प्रश्न. तो चौक रोज ओलांडणारा माणूस हे ऐकतो तेव्हा त्याला काही समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय पॉडकास्ट शोधावं लागतं. रेडिओ दुकानात, स्वयंपाकघरात नुसता चालू असतो आणि कधी पुस्तक हातात न घेतलेल्याच्या कानावरही कविता पडते.

म्हणून मी आधी केंद्राकडे जाईन. प्रसारण झालं की, त्यांची परवानगी घेऊन, तोच भाग पॉडकास्ट म्हणून ठेवीन.