जुन्या रंगीत काचेसोबत वर्षभर: वापरानंतरचा अनुभव

जुनी रंगीत काच घेऊन घर सजवायचा विचार असेल तर पैशांच्या आधी घरातल्या उजेडाचा हिशेब करा, हे वर्षभरानंतरचं माझं पहिलं सांगणं. दुकानात फुलदाणी आवडते ती दुकानातल्या दिव्याखाली. घरी ती कुठल्या खिडकीपाशी, कुठल्या वेळच्या उन्हात आणि कसल्या भिंतीपुढे उभी राहणार, यावर पुढचं सगळं ठरतं. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये बैठकीच्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी आहे आणि जेवणाच्या टेबलामागची भिंत पांढरी आहे. या दोन गोष्टी नसत्या तर मी एका फुलदाणीवर थांबले असते.

सध्या घरात आहे ते असं: उंच मानेची गडद निळी फुलदाणी, चुणीदार कडेची छोटी किरमिजी फुलदाणी, उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादची नारिंगी झळाळीची एक, पिवळट हिरवी वाटी, जांभळी अत्तरदाणी (बूच मूळचं नाही, पण बसतं घट्ट) आणि आत्याने साताऱ्याच्या घरातून दिलेली, दिवा ठेवून टांगायची हिरवी हंडी. बहुतेक खरेदी मुंबईच्या चोरबाजारातली, थोडी पुण्याच्या जुन्या बाजारातली.

उजेडाचं सविस्तर सांगते, कारण सजावटीबद्दल बोलताना लोक रंगसंगतीवर बोलतात आणि हे सोडून देतात. निळा रंग कोबाल्टचा. हा इतका जोरकस असतो की काचेत चिमूटभर पडला तरी गडद निळाई येते. त्यामुळे अशी जाड फुलदाणी शिसवी कपाटावर चक्क काळी दिसते. खिडकीच्या कट्ट्यावर तिच्या मागून ऊन आलं की मात्र तिच्यासारखी तीच, आणि सकाळी आठ-साडेआठला तिची निळी सावली समोरच्या सोफ्यापर्यंत पोचते. किरमिजीलाही मागूनच उजेड हवा. फिक्या रंगांचं तसं नाही. मधासारखा पिवळा, फिका जांभळा, पिवळट हिरवा हे रंग पांढऱ्या भिंतीपुढे चार-पाच इंच जागा सोडून ठेवले की दिवसभर छान दिसतात.

झळाळीच्या काचेचा नियम याच्या उलट. तिची मोरपिसासारखी रंगछटा काचेच्या आत नसते, वरच्या थरात असते, म्हणून उजेड समोरून किंवा बाजूने पडावा लागतो. खिडकीत ठेवली तर ती नुसती तपकिरी दिसते. रात्रीसाठी आम्ही दोन प्रकारचे एलईडी लावले. पिवळसर दिव्यात निळा भाग कमी असतो, त्यात लाल आणि मधाळ रंग खुलतात आणि निळी फुलदाणी मरगळते. तिच्यासाठी ४००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढरा दिवा घेतला. फरक पाहुण्यांनाही जाणवतो.

आता माझ्या सर्वांत लाडक्या वस्तूबद्दल, म्हणजे फिरोजाबादच्या फुलदाणीबद्दल. एका हाताने फुलदाणी धरली आहे असा तिचा आकार आहे. काच साच्यात घडवायची आणि गरम असतानाच तिच्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारायचा, म्हणजे पृष्ठभागावर इंद्रधनुषी झळाळी येते. अमेरिकेतल्या फेंटन कंपनीने १९०७ च्या सुमारास ही काच स्वस्तात बाजारात आणली आणि पुढे ती कार्निव्हल ग्लास म्हणून ओळखली जाऊ लागली. आपल्याकडे फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सने तिच्या फुलदाण्या, पेले असं बरंच काही काढलं. हाताच्या आणि माशाच्या आकाराच्या त्यांच्या फुलदाण्या आज परदेशातले संग्राहक शोधत असतात. आपल्या बाजारात मात्र अजूनही ‘युरोपचं काही आहे का’ असं विचारणारे जास्त. मला वाटतं, जिला भारतीय घरात सगळ्यात आधी जागा मिळायला हवी ती काच हीच. तिचा आकार कुठल्याही विलायती नमुन्याची नक्कल वाटत नाही, किंमत परवडते, आणि उतरतीला लागलेल्या उन्हात ती जशी तापल्यासारखी चमकते ते पाहून माझ्या सासूबाईंनीही तिच्यासाठी टीव्हीच्या बाजूचा कोनाडा रिकामा करून दिला.

महाराष्ट्राचा स्वतःचा काचेचा इतिहासही कमी नाही. माणशी एक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना काढला. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला, त्याच्या भोवती ओगलेवाडी वसली आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला. आजोबांचा प्रभाकर कंदील मी या रंगीत काचांच्या मधोमध ठेवला आहे. तो बिनरंगी आहे, आणि त्यामुळेच बाकीच्यांचे रंग एकमेकांवर चढत नाहीत.

लाल काच घेताना थोडा अभ्यास हवा. अस्सल किरमिजी काचेत सोनं असतं. ते अगदी सूक्ष्म कणांच्या रूपात असतं आणि गंमत अशी की ओतली तेव्हा ही काच जवळजवळ बिनरंगी असते, पुन्हा तापवल्यावर तिच्यात लाली उतरते. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, फ्रीड्रिख एगरमानने एकोणिसाव्या शतकात बिनरंगी काचेवर लाल रंगाचा पातळ थर चढवण्याची पद्धत आणली. तो थर कोरून खाली पांढरी नक्षी काढत. दोन्ही सुंदर, पण किमतीत फरक पडतो. कड आणि बूड निरखून पाहा. रंग आरपार आहे की वरवरचा, हे तिथे कळतं. माझी छोटी फुलदाणी आरपार लाल आहे आणि कडेला एक टवका असल्यामुळे बरीच स्वस्त मिळाली. ठेवताना टवका भिंतीकडे करते.

बाजारात कुठलीही जुनी काच ‘बेल्जियम’ म्हणून दाखवतात, त्यावर भाव ठरवू नका. बूड पाहा. फुंकून केलेल्या काचेच्या बुडाला सळई तोडल्याचा व्रण असतो, चांगल्या कामात तो घासून गुळगुळीत केलेला असतो. वर्षानुवर्षं टेबलावर सरकून पडलेले ओरखडे वेडेवाकडे असतात. एकाच दिशेचे समांतर ओरखडे दिसले तर ते पॉलिश पेपरचे. कडेवरून बोटाचं पेर हलकेच फिरवा, टवके डोळ्यांआधी बोटाला लागतात. टिचकी मारल्यावर आवाज दबका आला तर तडा शोधा. आतला धुरकटपणा लपवायला काही वेळा तेलाचा हात दिलेला असतो, म्हणून कोरडं फडकं बरोबर न्या आणि आतून पुसून बघा. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. दुकानातली काच बघायची तर दुसरा वार निवडा आणि सकाळी लवकर न जाता अकरानंतर जा.

पिवळट हिरवी वाटी युरेनियम काचेची आहे. बोहेमियातल्या रिडेल घराण्याने १८३० च्या दशकात ही काच लोकप्रिय केली. अतिनील टॉर्च मारला की ती हिरवीगार पेटते. मँगनीज असलेली काचही मंदपणे चमकते, म्हणून टॉर्च बरोबर असला तरी तेजाकडे नीट लक्ष द्या. किरणोत्साराबद्दल घरी बरीच चर्चा झाली. शोभेला ठेवलेल्या अशा वस्तूतून होणारा किरणोत्सार अगदी थोडा असतो. खाण्यापिण्याला मात्र ही वाटी मी वापरत नाही, आणि जुन्या जड बिलोरी काचेतही काही खाद्यपदार्थ ठेवत नाही, कारण तिच्यात शिसं असतं.

रोजच्या वापरात फुलं? हो, पण थेट पाणी भरून नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं आणि त्याचे पांढरे डाग पडतात. मी फुलदाणीच्या आत प्लास्टिकची अरुंद नळी ठेवते, तिच्यात पाणी आणि निशिगंधाच्या दोन-तीन काड्या. गडद काचेत नळी दिसत नाही. क्षाराचे डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि मूठभर तांदूळ आत घालून हलवावं, बरेचसे निघतात. पाण्याने काच कायमची खरवडली गेली असेल तर तो धुरकटपणा कशानेच जात नाही, अशी वस्तू आवडली तरच घ्या. झळाळीच्या काचेला आणि सोनेरी नक्षीला आंबट काहीही लावू नये. चिंच, राख, भांड्यांची पावडर तर अजिबातच नको. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, आणि सिंकमध्ये जाड टॉवेल. गरम पाण्याखाली थंड काच धरू नका, जुनी काच एका क्षणात तडकते.

पावसाळा ही खरी परीक्षा. काही जुन्या काचांची घडण कच्ची असते, दमट हवेत त्यांच्या अंगावर चिकट ओल येते. माझ्या अत्तरदाणीचं असं झालं. साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी केली आणि बंद शोकेसमधून काढून मोकळ्या हवेत ठेवली, तेव्हापासून ठीक आहे. ज्यांची घरं समुद्राजवळ आहेत त्यांनी बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

फुटण्याची भीती सगळ्यांना असते. आमच्याकडे मुलगा सात वर्षांचा आहे, तरी मला जास्त धास्ती खिडकीच्या पडद्याची. वाऱ्याने फुगून तो उंच फुलदाणीला सहज लोटू शकतो. बुडाखाली म्युझियम वॅक्सचे (वस्तू जागेवर चिकटवून ठेवायच्या मेणाचे) वाटाण्याएवढे तीन ठिपके लावले की वस्तू हलत नाही आणि हळूच फिरवून उचलली की डाग न राहता सुटते. पडदे आता बांधूनच ठेवतो.

हंडीबद्दल वेगळं सांगते. वाड्याच्या माजघरात तेलाचा दिवा ठेवून ती टांगायचे. आता तिच्यात मंद एलईडी आहे. जास्त वॉटचा जुना बल्ब घालू नका, उष्णतेने काच धोक्यात येते. साखळी आणि छताचा हूक इलेक्ट्रिशियनकडून नवा लावून घेतला, जुन्या साखळीवर विश्वास ठेवला नाही. दिवाळीत तिच्याखाली रांगोळी काढली तेव्हा हिरव्या उजेडात रांगोळीचा लाल रंग काळपट दिसला, म्हणून त्या जागी आता पांढरी आणि पिवळी रांगोळीच घालते.

बहिणीला ही सगळी काच फार आवडली आणि एक फुलदाणी न्यू जर्सीला नेते म्हणाली. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. नव्याबद्दलही शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तिला मी फिरोजाबादच्या आजच्या कारागिरांकडची नवी मधाळ काच दिली.

पहिली वस्तू घेणाऱ्यांना माझा सल्ला साधा: फिक्या रंगाची, मध्यम उंचीची, रुंद बुडाची फुलदाणी घ्या आणि महिनाभर तिची जागा बदलत राहा. सकाळचा, दुपारचा, दिव्याचा उजेड बघा. आमच्या घरात तरी उत्तरेच्या खोलीत एकही काच टिकली नाही, सगळ्या हळूहळू पूर्वेच्या खिडकीकडे सरकल्या. तिथे आता जागा उरली नाही, म्हणून पुढची खरेदी बंद आहे.