आवाजाचा ग्रेनेड घ्यायचाय? सीओटू की ब्लँक

खोलीत तिघे दबा धरून बसलेत, दाराशी आपण दोघे, आणि आत डोकं घातलं की पहिल्याच सेकंदाला हिट, म्हणजे गोळी लागून बाद. इमारतीत एअरसॉफ्ट (प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांच्या बंदुकांनी खेळायची लुटुपुटूची लढाई) खेळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते, आणि आवाज करणारा ग्रेनेड घ्यावा असं पहिल्यांदा वाटतं ते तेव्हाच. माझंही तसंच झालं. चार प्रकार हाताळून झाले, त्यातले दोन पदरमोड करून घेतले, आणि आता खेळायला निघताना बॅगेत एकच टाकतो. तुम्ही घ्यायच्या बेतात असाल तर माझा अनुभव सांगतो. तुमचं मैदान वेगळं असेल, तिथले नियम वेगळे असतील, तेवढं धरून वाचा.

दोन प्रकार आधीच बाजूला ठेवतो.

ग्रीन गॅस या दाबाखालच्या वायूवर चालणारा, गरागरा फिरत बीबी, म्हणजे त्या बारीक गोळ्या, उधळणारा ग्रेनेड वाईट नाही. खोलीत नेमका पडला तर बीबी खरोखर लागतात, वाद उरत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही तो सगळ्यात बिनघोर, कारण आत स्फोटक काहीच नसतं. पण आवाज म्हणाल तर नुसता फुस्स. त्यात ओ-रिंग, म्हणजे आतल्या रबरी कड्या, सुकल्या की गॅस गळतो, मग सिलिकॉन तेल घालत बसा. ज्याला दणका हवाय त्याच्या कामाचा हा नाही.

दुसरा पायरो, म्हणजे रिंग ओढून फेकायचा एकदाच वापरायचा बार. परिणाम बघाल तर त्याच्या जवळपासही कुणी येत नाही, हे मोकळेपणाने कबूल करतो. पण तो कायद्याने पायरोटेक्निक, म्हणजे दारूकामाची वस्तू ठरतो. युरोपीय संघाच्या 2013 च्या निर्देशात असल्या वस्तूंचा पी1 वर्ग आहे आणि त्या 18 वर्षांखालच्या कुणाला विकता येत नाहीत. ब्रिटनमध्येही 2015 च्या नियमांनी वयाची अट तीच ठेवली आहे. विमानात चालत नाही, साध्या टपालाने पाठवता येत नाही, घरात साठवायचा म्हणजे काळजी. शिवाय बाहेर सुकं गवत असेल तर एक ठिणगी पुरते. एकदा आम्ही चौघांनी बुटांनी पाला तुडवून आग विझवली आहे. पाला ओलसर होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून पायरोला मी हात लावलेला नाही. आणि घरी दारू भरून काही करून बघायचा विचार कुणाच्या मनात असेल तर कळकळीने सांगतो, करू नका. बहुतेक देशांत त्याला खेळातली नकली वस्तू म्हणत नाहीत, स्फोटक म्हणतात, आणि बोटं गेली तर ती कुठल्याच देशात परत मिळत नाहीत.

राहिले दोन. खरी निवड इथे आहे.

सीओटूच्या ग्रेनेडमध्ये कार्बन डायऑक्साइडची 12 ग्रॅमची छोटी नळकांडी असते, सायकलच्या चाकात हवा भरायला वापरतात तसलीच. पिन काढली, लिव्हर सुटला की आतली सुई नळकांडीला भोक पाडते, वायू बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचात भरत जातो आणि ताण सोसवेना झाला की कवच शिवणीवर फाटतं. आवाज भरीव, घुमणारा, बंद खोलीत छातीत जाणवणारा. ज्वाला नाही, ठिणगी नाही, दारू नाही. त्यामुळे सुक्या गवतावर निर्धास्त, आणि बऱ्याच ठिकाणी कागदपत्रांचा त्रासही नाही. दर फेकीला नवं कवच आणि नवी नळकांडी लागते, तो खर्च धरून चाला.

ब्लँकचा ग्रेनेड म्हणजे मोठा आपटीबार समजा. धातूचं अंग, आत स्प्रिंगवर ताणलेला घोडा, त्याच्यासमोर एक ब्लँक, म्हणजे पुढे गोळी नसलेलं काडतूस, किंवा नुसता प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाची ठोका बसला की पेटणारी टिकली. पिन काढून फेकायचा, जमिनीवर आपटला की वाजतो. आवाज कोरडा, तीक्ष्ण, कानाशी टाळी वाजल्यासारखा. वाजून झाला की उचला, फिरकी उघडा, रिकामं काडतूस काढून नवं घाला, घोडा ताणा, पिन लावा. सराव झाला की मिनिटसुद्धा लागत नाही. मुख्य अंग वर्षानुवर्षं टिकतं.

कागदावर बघाल तर सीओटू पुढे वाटेल. मलाही वाटला होता, म्हणून मी आधी तोच घेतला. उन्हाळाभर मजेत गेला. मग थंडी आली.

ती सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. पडक्या इमारतीतला खेळ, बाहेर गवतावर दव गोठलेलं. कोपऱ्यातल्या खोलीत मी ग्रेनेड घरंगळत सोडला. सूंऽऽ असा आवाज आला, मग तोही बंद झाला. दोन सेकंद, पाच सेकंद, काही नाही. आतले खेळाडू भिंतीला चिकटून, आम्ही दाराबाहेर, सगळे वाट बघताहेत. मी मनात तीसपर्यंत मोजलं, वायू गळून गेला असणार असं धरलं आणि उचलायला वाकलो. मागून मार्शल, म्हणजे खेळावर देखरेख करणारा पंच, ओरडला, मी थबकलो, माझा हात वीतभर लांब होता तेव्हा तो फुटला. कवचाची एक कड मनगटावर बसली. हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये जी दोन बोटं उघडी कातडी राहते ना, नेमकी तिथे. काळानिळा पट्टा आठवडाभर होता. चेहरा जवळ असता तर गॉगलने डोळे वाचवले असते, ओठ-दात नाही.

नंतर कारण समजून घेतलं. द्रवरूप सीओटूचा दाब पूर्णपणे तापमानावर अवलंबून असतो. 20 अंशांना तो साधारण 57 बार (बार हे दाबाचं माप) असतो, शून्य अंशाला 35 च्या आसपास उतरतो. त्यात द्रवाचा वायू होताना नळकांडी स्वतःच आणखी गार पडते, वर दहिवर धरतं. 12 ग्रॅममधून साडेसहा लिटरच्या आसपास वायू निघतो, म्हणजे एवढ्याशा कवचासाठी तो भरपूर आहे. तोटा वायूचा नव्हता, वेगाचा होता. सुईने भोक अर्धवट पाडलं असावं, वायू धिम्या गतीने भरत राहिला, आणि कवच पाच सेकंदांऐवजी अर्ध्या मिनिटाने फाटलं. बाहेरून बघून काहीच कळत नव्हतं. फुगलेलं कवच आणि रिकामं कवच दिसायला सारखंच.

त्यानंतर आमच्या इथे नियम झाला: सीओटू ग्रेनेड न फुटल्यास पाच मिनिटं त्या खोलीत कुणी जायचं नाही. नियम बरोबरच होता, मी स्वतः तो उचलून धरला. पण त्याने खेळाचं काय होतं ते बघा. डाव रंगात आलेला, दोन्ही बाजू तापलेल्या, आणि अर्धी इमारत घड्याळाकडे बघत उभी. थंडीच्या दिवसांत दर खेळाला एखादा तरी असा निघायचाच. नळकांड्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून बघितल्या, दर चार फेकींनंतर सुईचं टोक तपासलं, ओ-रिंग बदलल्या. फरक पडला, पण भरवसा काही बसेना. माझं मन सीओटूवरून उडालं ते या एका कारणाने.

ब्लँकचाही न वाजलेला निघतो. थोडा जास्तच निघतो म्हणा ना. गादी, पाचोळा, चिखल, गवत, असं मऊ काही मिळालं की आपटण्यात जोर राहत नाही आणि तो तसाच पडून राहतो. पण हा ग्रेनेड धक्क्याची वाट बघत असतो आणि सीओटूचा वेळेची. धक्का देणं न देणं माझ्या हातात आहे, वेळ माझ्या हातात नाही. त्यामुळे मी मार्शलला सांगतो, साठपर्यंत मोजतो, तोंड बाजूला ठेवून जवळ जातो, ग्रेनेड जागेवरच असताना भोकात पिन सरकवतो आणि मगच उचलतो. पिन आधी, उचलणं नंतर, हा क्रम कधी चुकवायचा नाही, कारण उचलताना धक्का लागला तर तो वाजू शकतो. पिन पूर्ण बसली की घोडा अडकला. निदान माझ्याकडच्या बनावटीत तसं आहे. तुम्ही घ्याल तेव्हा हीच एक गोष्ट दुकानात हातात घेऊन तपासा. न वाजलेल्या ग्रेनेडची पिन पुन्हा घालता येते का आणि ताणलेला घोडा तिने खरोखर अडतो का, हे रिकाम्या ग्रेनेडवर करून बघा. ज्याच्यात अडत नाही तो घेऊ नका.

ब्लँकचे दोष लपवत नाही. तो जड असतो, म्हणून माणसांकडे भिरकावायचा नाही. खालून हात घेऊन कडक जमिनीवर टप्पा पडेल असा सोडायचा. पिन काढल्यावर हातातून निसटला तर पायाशीच वाजतो. काजळी धरते, दर खेळानंतर घासून तेल द्यावं लागतं. आणि त्यात ज्वाला आहे, छोटी का होईना. म्हणून धुरळ्याचा देखावा करायला त्याच्या आसपास मैदा किंवा पीठ कधीही उधळू नका. हवेत तरंगणारं पीठ पेट घेतं.

सगळ्यात मोठी अडचण मात्र कायद्याची. ग्रेनेडचं धातूचं अंग बहुतेक ठिकाणी नुसतं खेळणं ठरतं, पण ब्लँक काडतूस हा दारूगोळा आहे की नाही याचं उत्तर देशागणिक बदलतं. कुठे वयाचा दाखला पुरतो, कुठे परवाना लागतो, कुठे नुसतं बाळगणंही गुन्हा होतो. दुकानदाराच्या तोंडी ग्वाहीवर जाऊ नका, तुमच्याकडचा नियम लेखी बघा, आणि मैदान चालवणाऱ्यांची परवानगी वेगळी घ्या. त्यांच्या विम्यात ब्लँक बसत नसेल तर कायदा काहीही म्हणो, तिथे ते चालणार नाही. तुमच्याकडे ब्लँकला परवाना लागत असेल तर माझी पसंती विसरा आणि सरळ सीओटू घ्या. उबदार हवेत तो खरंच चांगला चालतो.

दिसण्याचा मुद्दा दोन्हींना सारखाच लागू आहे. अमेरिकेच्या विमानतळांवर ग्रेनेडची नक्कल हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि सामानातही नाही, रिकामी असली तरी. झुडपात हरवलेला ग्रेनेड दुसऱ्या दिवशी फिरायला आलेल्या माणसाला सापडला तर तो पोलिसांनाच बोलावणार, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून हिरवा-काळा हुबेहूब नमुना घेण्यापेक्षा भडक नारिंगी घ्या, नाहीतर भोवती नारिंगी पट्टी गुंडाळा. शोधायलाही सोपं जातं. खेळ संपल्यावर मोजून परत घ्या. चार नेले तर चार परत आले पाहिजेत.

आता कानांबद्दल. आपण सगळे डोळ्यांची काळजी घेतो, कानांचं कुणी बोलत नाही. युरोपात साध्या बागेत उडवायच्या फटाक्यांना आवाजाची मर्यादा 120 डेसिबल आहे, पण ती 8 मीटरवर मोजलेली. अंतर निम्मं झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने चढतो, म्हणजे तोच फटाका 1 मीटरवर 138 च्या घरात जातो. तिथल्या कामगारांसाठी क्षणिक आवाजाची कमाल मर्यादा 140 आहे. आणि आपण तर चारी भिंतींच्या खोलीत, दोन-तीन मीटरवर असतो, आवाज भिंतींवरून परत येतो. ब्लँकचा कोरडा आवाज या बाबतीत सीओटूपेक्षा कानाला जास्त टोचतो असं मला वाटतं. यंत्राने मोजलेलं नाही, पण सुरुवातीला कानात काही न घालता खेळलो तेव्हा ब्लँकनंतर संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत राहायची, सीओटूनंतर इतकी नाही. तेव्हापासून इअरप्लगशिवाय खोलीत शिरत नाही, आणि ज्या दिवशी कुणी नवखा खेळायला येतो त्या दिवशी जादा जोड्या खिशात ठेवतो.

बाहेर, झाडीत, उघड्यावर खेळणारे बरेच असाल. तिथे जमीन मऊ असते, ब्लँक निम्म्या वेळा गप्प राहील आणि तुम्ही वैतागाल. तिथे उन्हाळ्यात सीओटू घ्या, थंडीत ग्रेनेडचा नाद सोडा. पण इमारत, फरशी, भिंती, अरुंद जिने असतील आणि कायदा मोकळा असेल, तर एक ब्लँकवाला घेऊन बघा. आधी एकच घ्या आणि पहिला आठवडा काडतूस न घालता नुसता फेकून, पिन लावून, उचलून सराव करा. डोळे मिटूनही पिन भोकात जाते असं झालं की मगच पहिलं काडतूस घाला.